व्हिडिओवरचं समुपदेशन : कॉलेजात काम करणाऱ्यांचे अनुभव हवेत (नागपूर आणि आसपास)

मृण्मयी_धरमपेठ
नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका कॉलेजात समुपदेशक आहे, कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाइलाज म्हणून व्हिडिओवर सेशन सुरू केले, नंतर कॉलेज उघडलं तरी ते बंद झालेच नाहीत, आता काही मुलं समोर येऊन बसतात आणि काही स्क्रीनवर. तर झालंय असं की कॉलेजला जागा कमी पडतेय, नवीन कोर्स आलाय, त्यामुळे माझी खोली लॅबला द्यायची आणि पुढच्या सत्रापासून समुपदेशन पूर्णपणे व्हिडिओवर न्यायचं असा प्रस्ताव आहे. "मुलं तशीही फोनवरच असतात ना मॅडम" असं म्हणणं पडलं. मला लेखी मत द्यायचंय.

खोली सोडायला माझं मन तयार नाही, पण मन तयार नाही हे काही लेखी कारण होत नाही. शिवाय दुसरी बाजू मला रोज दिसते. माझी खोली फी काउंटरच्या शेजारच्या पॅसेजमध्ये आहे, बाहेर बाकावर बसलेली मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते, मग "तू का गं बसली होतीस तिथे" सुरू होतं. व्हिडिओ सुरू झाल्यावर अशा मुली आल्या ज्या त्या बाकावर जन्मात बसल्या नसत्या. म्हणून व्हिडिओ वाईट असंही मला लिहायचं नाही.

तर तुमच्याकडे व्हिडिओवर काय जमतं, काय अजिबात जमत नाही? खोली गेली तर नेमकं काय जाईल? अनुभव सांगा. आणि कोणा विद्यार्थ्याची ओळख पटेल असं काही लिहू नका प्लीज.

संत्रानगरी
महत्त्वाचा धागा. माझी बहीण हेच काम करते, तिला लिंक पाठवली. वाचतोय.

वर्धेची_अनघा
मृण्मयी, मी पण याच कामात आहे, वर्धेला. आधी जमलेलं सांगते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चॅटचा चौकोन. तोंडाने अर्धा तास परीक्षा, सबमिशन, प्रोजेक्ट पार्टनर असं बोलत राहतात आणि मग अचानक खाली टाइप होतं, "मॅडम मला घरी परत जायचं नाहीये". तोंडातून जे निघत नाही ते बोटातून निघतं. मी मग घाई करत नाही, मीही तिथेच टाइप करून उत्तर देते, दोघी कॅमेऱ्यासमोर गप्प आणि खाली बोलणं चालू. पडद्याआडून माणूस जास्त मोकळा होतो यावर मानसशास्त्रात २००४ पासून लिहिलं गेलंय पण प्रत्यक्ष बघितलं की अंगावर येतं.

दुसरं, २०२०-२१ मध्ये खोलीत भेटायचं म्हणजे दोघांच्याही तोंडाला मास्क. तेव्हा मुलाचा पूर्ण चेहरा दिसायची एकच जागा होती ती म्हणजे स्क्रीन! हे कोणी फारसं बोलत नाही. नवीन ॲडमिशनची मुलं मी आधी व्हिडिओवर ओळखायला शिकले आणि नंतर मास्कमध्ये समोर आली तेव्हा ओळखू येईनात.

न जमलेलं म्हणजे शांतता. खोलीत मूल दोन मिनिटं गप्प बसलं तर ती दोन मिनिटं कामाची असतात. व्हिडिओवर पंधरा सेकंद झाले की "मॅडम, आवाज येतोय ना?" मी आता पहिल्याच दिवशी सांगून ठेवते की मी गप्प असले तर नेटवर्क गेलेलं नाही, मी ऐकतेय, तू वेळ घे. बराच फरक पडला.

बाबाराव_सर
काहून बाप्पा, पोट्ट्यांना समोर बसवून बोलायला काय झालं? मी जन्मभर कॉलेजात शिकवलं. पोट्टं वर्गात गुमसुम दिसू लागलं की त्याले घेऊन गेटबाहेरच्या टपरीवर जायचो, अर्धा कप चहात सारं सांगून मोकळं होत होतं. ना फॉर्म, ना लिंक, ना पासवर्ड. आता सगळं त्या डब्यात घालून राहिले. माणसाचे हात दिसत नाही, पाय दिसत नाही, पोट्टं पाय हलवून राहिलं का नखं कुरतडून राहिलं हे त्या डब्यात समजते का जी?

निशिगंध
बाबाराव सर, हातापायाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण एक विचारू? तुमच्यासोबत टपरीवर मुली येत होत्या का?

बाबाराव_सर
नव्हत्या येत. हे मात्र खरं आहे.

होस्टेलवाला_बी२
विद्यार्थी म्हणून लिहितो, चालेल ना? मी दुसऱ्या वर्षात असताना आमच्या कॉलेजच्या मॅडमकडे व्हिडिओवर सेशन घेतले. फायदा झाला, आधीच सांगून टाकतो. पण तिकडून काय दिसतं हे तुम्हा लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो.

एक म्हणजे जागा. होस्टेलच्या एका खोलीत तिघं. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४५ च्या वर पारा, कूलर बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर मॅडमना माझा आवाज जात नाही. गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलो तर फोन इतका गरम झाला की बंदच पडला. मग पार्किंगमध्ये बाइकवर बसून. तिथे कोणी ओळखीचं आलं की मी "हो हो नोट्स पाठवतो" म्हणायचो आणि मॅडम समजायच्या, हा आमचा कोडवर्ड होता. त्या लगेच अभ्यासाचं बोलू लागायच्या. हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं होतं, मला फार आवडलं होतं ते.

दुसरं, स्वतःचा चेहरा. रडताना स्वतःचं थोबाड कोपऱ्यात दिसतं, त्याच्यासारखं वाईट काही नाही. ते लपवता येतं हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

तिसरं, टाइप करू नका! मॅडम नोट्स घेत असतील पण मला कीबोर्डचा आवाज यायचा आणि वाटायचं या दुसऱ्या कोणाशी चॅट करतायत. मी एकदा विचारलंच, तेव्हापासून त्या कागदावर लिहायच्या आणि कागद दाखवायच्यासुद्धा की बघ, वही आहे.

मृण्मयी_धरमपेठ
बी२, किती बरं केलंस लिहिलंस ते. कीबोर्डचं कधी मनातच आलं नव्हतं, उद्यापासून वही.

कूलरवरून, मी स्वतः मेमध्ये सेशनच्या पन्नास मिनिटांपुरता कूलर बंद करते आणि घामाने निथळत "हं, बोल" म्हणत असते. पुण्या-मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये याच्यावर कोणीच काही शिकवत नाही.

संत्रानगरी
कूलरसमोर बसून समुपदेशन करणारी नागपूरची शाळा वेगळीच निघणार आता. 😄

मेडिकलचा_जुना
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, मेडिकलला म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलो, आता स्वतःचं क्लिनिक आहे. कॉलेजांतून मुलं माझ्याकडे पाठवली जातात म्हणून थोडं लांब लिहितो.

व्हिडिओवरच्या कामात सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न एकच आहे, मूल आत्ता या क्षणी कुठे आहे. समोर बसलेलं मूल कुठे आहे हे विचारावं लागत नाही. स्क्रीनवरचं मूल इथेच नागपुरात सदरला रूमवर असेल, गोंदियाला घरी असेल, पुण्याला मावशीकडे असेल किंवा रेल्वेत असेल. बोलता बोलता जिवाला धोका आहे असं लक्षात आलं तर मदत कुठे पाठवणार? म्हणून प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला तीन गोष्टी विचारायच्या. आत्ता कुठे आहेस, पत्ता काय. कॉल कटला तर कोणत्या नंबरवर साधा फोन लावू. आणि गरज पडली तर तुझ्याजवळ लगेच पोचेल असा कोण आहे. पहिल्यांदा विचारून फाइलला लावून ठेवलं आणि विषय संपला असं नाही, दर वेळी. ११२ राज्यभर चालतो पण तिकडे सांगायला पत्ता लागतो.

पीएचक्यू-९ सारखी नैराश्य मोजायची प्रश्नावली गुगल फॉर्मवर पाठवायची पद्धत पडलीय. एक लक्षात घ्या, त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. मुलगा रात्री अकराला तो भरून पाठवतो आणि तुम्ही सकाळी दहाला बघता, मधल्या रात्री त्या उत्तराला वाली कोण? तो फॉर्म सेशन चालू असतानाच, तुमच्यासमोर भरून घ्या.

मुलांना एक भीती असते की असं काही बोललो तर पोलीस केस होईल. त्यांना स्पष्ट सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ असं मानून चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, तिला शिक्षा नाही, आधार द्यायचा. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा (आत्महत्येच्या प्रयत्नाचा) सरसकट गुन्हाच ठेवलेला नाही. हे कळलं की बोलणं सुटतं, मी पाहिलंय.

निशिगंध
डॉक्टरसाहेब, थोडा वेगळा सूर. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात काम करते. दर वेळी पत्ता विचारला की मुलं बिचकतात. एक मुलगा म्हणाला की मॅडम तुम्ही पण लोकेशन मागता, घरचे पण लोकेशन मागतात. घरून ज्यांच्यावर पाळत आहे अशा मुलींना तर हा प्रश्न नकोच वाटतो. मी पहिल्या सेशनला विचारते आणि नंतर धोका वाटला तरच.

वर्धेची_अनघा
निशिगंध, मी डॉक्टरांच्या बाजूने आहे गं. धोका वाटला तेव्हा विचारायचं म्हणजे नेमकं ज्या क्षणी मूल सांगणार नाही त्या क्षणी विचारायचं. मी विचारते पण का विचारते तेही सांगते. "हे कोणाला कळवण्यासाठी नाही, तू अडचणीत असलीस तर मी आंधळी राहू नये म्हणून". आणि पूर्ण पत्ता नकोसा असेल तर मोहल्ला आणि जवळची खूण चालते, मानेवाडा चौकाजवळ, अमुक दवाखान्यासमोर वगैरे. रोज विचारलं की तो हजेरीसारखा होऊन जातो, त्यातली पाळत जाते.

निशिगंध
खूण चालेल, हे बरं आहे. हे करून बघते.

साधना_काकू
माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिचं व्हिडिओवर समुपदेशन चालू आहे. तुम्ही सगळे इथे आहात म्हणून विचारते. दोन खोल्यांचं घर आहे आमचं नागपूरच्या महाल भागात, ती आतल्या खोलीत दार लावून बोलते, मी बाहेर. खरं सांगते जीव खालीवर होतो. काय सांगते ती, आमच्याबद्दल काय सांगते. आईने या वेळात नेमकं करायचं काय?

मृण्मयी_धरमपेठ
काकू, तुम्ही विचारलंत हीच मोठी गोष्ट आहे. त्या वेळात घराबाहेर पडता आलं तर पडा, भाजी आणा, देवळात जा. ते शक्य नसेल तर घरात आवाज असू द्या, म्हणजे तिला खात्री वाटेल की बाहेर काही ऐकू जात नाही. माझ्याकडच्या एका मुलीचे वडील सेशनच्या वेळी हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने लावून बसायचे, एरवी त्यांना टीव्हीचा आवाज सहन व्हायचा नाही. लेकीला ते बरोब्बर कळलं होतं. आणि सेशन संपल्यावर "काय बोललीस" विचारू नका, जेवायला वाढा.

साधना_काकू
टीव्हीचं करते. धन्यवाद मॅडम.

नेटवर्कभाऊ
आयटीवाला आहे, समुपदेशनातलं काही कळत नाही पण एका संस्थेत अकाउंट सांभाळून राहिलो म्हणून सांगतो, कारण या गोष्टी मॅडम लोकांना कोणी सांगत नाही.

कॉलेजच्या मेलवरून मीटिंग टाकता तेव्हा कॅलेंडरवर विषय आणि मुलाचं नाव दिसतं आणि कॅलेंडर कोणासोबत शेअर आहे हे एकदा बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या बाबूला सगळं दिसत असते. विषयात नुसतं "भेट" लिहा, नाव नको.

रेकॉर्डिंग आणि ट्रान्स्क्रिप्ट आपोआप सुरू होणारं सेटिंग असते, ते ॲडमिनकडून बंद करून घ्या आणि लेखी घ्या. आजकाल एआयवाले नोट घेणारे बॉट पण मीटिंगमध्ये घुसून राहिले, कोणीतरी कधी आपल्या अकाउंटला जोडलेला असतो आणि तो प्रत्येक मीटिंगला हजर. अनोळखी नाव दिसलं की आत घेऊ नका, वेटिंग रूम चालू ठेवा.

फुकटच्या झूमवर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, मुलगा रडत असतानाच तुटली तर काय कराल? कॉलेजकडून रीतसर लायसन्स मागा. दर वेळी नवीन लिंक, एकच कायमची लिंक ठेवली तर आधीच्याचं संपायच्या आत पुढचा मुलगा येऊन टपकतो.

आणि डोळ्यांचं. लॅपटॉपचा कॅमेरा वर, मुलाचं चित्र खाली, म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघता तेव्हा त्याला वाटते मॅडम खाली बघून राहिल्या. चित्राची खिडकी लहान करून वर कॅमेऱ्याच्या बुडाशी सरकवा. पैसे लागत नाही.

वर्धेची_अनघा
नेटवर्कभाऊ, कॅलेंडरचं वाचून लगेच जाऊन बघितलं. तुम्ही देव आहात.

फुटाळा_फेरी
अवांतर: व्हॉट्सॲप व्हिडिओ वापरता का कोणी? आमच्याकडे तेच चालतं कारण मुलांना तेच येतं.

निशिगंध
फुटाळा, सोपं आहे पण स्वतःच्या नंबरवरून नको. माझ्या ओळखीतल्या एकीला रात्री दीडला "मॅडम जाग्या आहात का" येतं आणि ब्लू टिक दिसली की उत्तर द्यावंच लागतं. वेगळं सिम, आणि स्टेटसमध्ये वेळा लिहून ठेवायच्या, खाली १४४१६. ही टेली-मानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फुकट हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीत पण बोलतात. रात्री दीडच्या मुलाला तुम्ही नाही तर कोण, याचं उत्तर आधीच दिलेलं असलं पाहिजे.

अहेरीकडचा
मी गडचिरोली जिल्ह्यातला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं तरी इकडची बरीच पोरं शिकायला नागपूरलाच जातात, मी पण गेलो होतो, आता गावाकडे शिक्षक आहे. इथे धाग्यावर सगळे व्हिडिओ विरुद्ध खोली बोलून राहिले. आमच्याकडे व्हिडिओ हाच प्रश्न आहे. लॉकडाऊनमध्ये पोरं गावी आली, नेटवर्क गावात नाही, टेकडीवर किंवा रस्त्याच्या एका वळणावर. त्या वळणावर दहा जण उभे राहून फोन लावणार, तिथे मनातलं कसं बोलणार? व्हिडिओ लावला तर चित्र अडकते, दीड जीबीचा रोजचा पॅक तासाभरात अर्ध्याच्या वर संपतो, मग संध्याकाळी लेक्चर कसं बघायचं.

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या कॉलेजच्या सरांनी मस्त उपाय सांगितला होता. पहिली पाच मिनिटं व्हिडिओ, चेहरा बघून घ्यायचा, मग साधा फोन कॉल. साध्या कॉलवर तो जंगलातल्या वाटेने चालत चालत बोलायचा. माझा भाऊ खुर्चीत बसून कधी बोलला नसता, चालताना बोलला.

आणि भाषा. आमच्या कितीतरी पोरांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया. मराठी येते, पण दुःखाचं बोलताना शब्द मिळत नाही, खोलीत हातवारे, चेहरा, चित्र काढून सांगणं चालते. फोनवर नुसते शब्दच उरतात. म्हणून खोली बंद करू नका मॅडम, आमच्या पोरांसाठी तरी.

बाबाराव_सर
अहेरीच्या भाऊ, चालता चालता बोलणं हे तर माझ्या टपरीचंच झालं की. चेहऱ्यासमोर चेहरा नसला की पोट्टं बोलते. मग ते टपरीवर असो का फोनवर. मले आता या डब्याचा तेवढा राग नाही.

मेडिकलचा_जुना
बाबाराव सर, अगदी बरोबर. बाजूबाजूला बसून बोलणं कितीतरी मुलांना सोपं जातं. व्हिडिओवर उलट होतं, दोन चेहरे एकमेकांसमोर, जवळून, सतत, हलायचं नाही. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी या थकव्याची चार कारणं मांडली होती, अंगावर येणारी जवळची नजर, स्वतःचं चित्र सतत दिसणं, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव समजायला-पोचवायला लागणारं जास्तीचं डोकं. समुपदेशकांनाही हे लागू आहे. सलग सेशन लावू नका. मध्ये उठा, खिडकीबाहेर बघा.

आणि अभ्यासांबद्दल कोणीतरी विचारेलच म्हणून. नैराश्य, चिंता यांच्यासाठी व्हिडिओवरच्या उपचाराचा गुण समोरासमोरच्या जवळपास येतो असं बऱ्याच अभ्यासांत निघालंय. म्हणजे व्हिडिओ हा काही दुय्यम माल नाही. पण ते अभ्यास बहुतेक अशा लोकांवर होतात ज्यांच्याकडे बोलायला खोली आणि चालू नेटवर्क असतं.

होस्टेलवाला_बी२
डॉक्टर, शेवटचं वाक्य!! हेच म्हणायचं होतं मला. आमच्या लायब्ररीतली जुनी झेरॉक्सची छोटी खोली नंतर मिळाली होती आम्हाला. दार बंद होतं, आत एक खुर्ची आणि वायफाय. तिथून मी मॅडमशी व्हिडिओवर बोलायचो, मॅडम दुसऱ्या कॅम्पसला असायच्या. पार्किंगमध्ये जे बोलू शकलो नाही ते सगळं त्या खोलीत बोललो. व्हिडिओ तोच, मॅडम त्याच.

वर्धेची_अनघा
मृण्मयी, हे बघ, बी२ ने तुझं उत्तर दिलं. व्हिडिओवर नेलं म्हणून खोली वाचत नाही, उलट दोन लागतात. तू काय स्टाफरूममध्ये बसून सेशन घेणार का? मागे सबमिशनच्या फायली, समोर कोणाचा तरी डबा उघडलेला. तुला बंद दाराची जागा लागणारच. आणि ज्या मुलाला घरी किंवा होस्टेलला बोलायला जागा नाही त्याला कॉलेजात एक बंद दाराची जागा लागणार. लॅबला जागा द्यायचा जो हिशेब मांडलाय तोच चुकतोय.

निशिगंध
आणि लेखी द्यायचंय ना, मग आधार पण घे. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर देशभरासाठी निर्देश दिलेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, सगळ्या स्टाफचं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा, आणि टेली-मानससकट हेल्पलाइनचे नंबर होस्टेल, वर्ग, वेबसाइट सगळीकडे मोठ्या अक्षरात. त्यात खोलीचं मोजमाप नाही, पण कॉलेजने हे गांभीर्याने घ्यायचंय एवढं त्यातून स्पष्ट होतं. दुसरं म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. बंद दार नसेल तर तो हक्क कसा सांभाळणार, हा प्रश्न नुसता लिहून ठेव, उत्तर त्यांना देऊ दे.

फुटाळा_फेरी
हा प्रतिसाद जपून ठेवतो, आमच्याकडे पण हीच चर्चा सुरू होणार आहे.

संत्रानगरी
एक कट्टा होऊन जाऊ द्या राव, तर्री पोहे माझ्याकडून. बहिणीला पण घेऊन येतो.

नेटवर्कभाऊ
तर्री पोहे असतील तर लॅपटॉप घेऊनच येतो, सगळ्यांचे सेटिंग तिथेच बघून देतो.

मृण्मयी_धरमपेठ
कट्टा नक्की. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं आणि मसुदा लिहायला बसले. असं लिहितेय:

समुपदेशन व्हिडिओ, फोन आणि प्रत्यक्ष अशा तिन्ही प्रकारे चालू ठेवावं आणि प्रकार विद्यार्थ्याने निवडावा, सेशनगणिक बदलताही यावा. पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष. जिवाचा धोका दिसला तर प्रत्यक्ष भेट आणि लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडी. समुपदेशकाला बंद दाराची खोली हवीच, पण ती फी काउंटरच्या पॅसेजमधून हलवावी, लायब्ररीच्या मागच्या जिन्याकडे दिली तरी चालेल, जिथे बाकावर बसलेलं मूल कोणाला दिसणार नाही. याशिवाय लायब्ररीत एक लहान खोली, ज्यांना घरी जागा नाही त्यांनी तिथून व्हिडिओवर किंवा फोनवर बोलावं. म्हणजे लॅबला माझी आत्ताची खोली मिळते आणि मी दुसरीकडे जाते, भांडणाचं कारणच उरत नाही.

सोबत विद्यार्थ्यासाठी एक पानाचा संमतीचा फॉर्म लावतेय. त्यात: सेशन रेकॉर्ड होणार नाही. तूही करू नकोस. दर वेळी तू कुठे आहेस ते विचारलं जाईल, जवळची खूण चालेल. कॉल कटला तर दोन मिनिटांत साधा फोन येईल. कोणी आत आलं तर काय म्हणायचं ते आपण ठरवू. तू बोललेलं घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगितलं जाणार नाही.

बघा बरं काही राहिलं का.

मेडिकलचा_जुना
शेवटची ओळ अशी सरसकट देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल आणि ते आधीच लिहिलेलं असावं. नंतर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

निशिगंध
आणि पहिल्या वर्षाला कितीतरी मुलं १७ ची असतात. १८ खालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, तिथे "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देताच येत नाही. फॉर्मवर जन्मतारीख पण घे.

अहेरीकडचा
फॉर्म मराठीत आणि हिंदीत दोन्ही ठेवा. आणि वाचून दाखवा मॅडम, नुसती सही घेऊ नका. गोंडीत पाहिजे असेल तर मला पाठवा, मी आणि माझा भाऊ बसून करून देतो.

मृण्मयी_धरमपेठ
दोन्ही दुरुस्त्या केल्या. "तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने कळवणं भाग असेल, तरच सांगितलं जाईल, आणि ते आधी तुला सांगून" असं लिहिलं. जन्मतारखेचा रकाना टाकला. अहेरीकडचे दादा, तुम्हाला मेसेज करते, गोंडीचं नक्की करू. सोमवारी प्रिन्सिपल सरांकडे देतेय.

साधना_काकू
मॅडम, पालकांसाठी पण एक पान ठेवा ना त्यात. टीव्हीचं वगैरे लिहून.

मृण्मयी_धरमपेठ
हो काकू, ठेवते. तुम्हीच मला लिहून पाठवा, आईच्या शब्दांत असेल तर पालक वाचतील.